खाली सही कर

माझं वाटोळं आमच्या बाबांनी केलं, तेही कौतुकाने. कॉलेज सोडून मी पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचो आणि रोह्याच्या एका साप्ताहिकात नाव न घालता व्यंगचित्रं काढायचो. रासायनिक कंपन्यांच्या सांडपाण्याने कुंडलिका नदीत मासे मेले तेव्हा मी आमच्या पुढाऱ्याला काढलं: स्वतः बाटलीतलं पाणी पितोय आणि नदीकाठच्या अष्टमी गावातल्या बायकांना नदीचं काळं पाणी पाजतोय. चित्र कोणाचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. बाबा पुढाऱ्याच्या बंगल्यावर जाऊन ते माझ्या पोराचं म्हणून सांगून आले.

"साहेब लय हसले रे! मूळ चित्र मागितलंय, भिंतीवर लावायला. खाली सही कर."

"बाबा, त्यात त्यांचीच लाज काढलीय."

"मोठी माणसं मनावर नाय घेत. कॉलेज सोडून माझी मान खाली घातलीस, आता जरा वर होऊ दे."

मी गाढवासारखी सही केली. आठवड्याभरात पुढाऱ्याने ते चित्र आमच्या कारखान्याच्या मालकापुढे टाकलं. "हा तुझाच कामगार ना? मोठ्या मंडळांच्या मूर्तींची ऑर्डर तुला हवीय की हा?"

बाबा अजून म्हणतात, साहेबांचा कायतरी गैरसमज झाला असंल.

पेणच्या एकाही कारखान्यात मला पुन्हा ब्रश मिळाला नाही.