काका, सूर्य चालला

...नाही, पाठांतराला माझी ना नव्हतीच. तुम्हाला सांगतो, पाठ करा, घोका, घसा बसेपर्यंत म्हणा, बायबलातलं वचन आहे, पोरांच्या तोंडात बसलं तर कुणाचं वाईट होणार आहे? पण ते वचन नुसतं म्हणायचं नाही, आचरणात आणून दाखवायचं, हे ज्या कुणाच्या डोक्यात आलं ना, त्याला संध्याकाळी माझ्या दुकानाच्या दारात आणून उभा करा! म्हणजे कळेल. तिथं आधीच पोरांची रांग लागलेली असते, आणि सगळी पश्चिमेकडे बोट करून एका सुरात ओरडत असतात, "काका, सूर्य चालला!"

अहो, मी काचवाला माणूस. खिडक्यांना काचा बसवायच्या, आरसे कापायचे, फोटोला फ्रेम करायची, एवढं माझं जग. संडे स्कूलचा वर्ग माझ्या गळ्यात पडलाच कसा? तर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही म्हणता येत नाही. ते काही जबरदस्ती करत नाहीत हो, नुसता खांद्यावर हात ठेवतात आणि मऊ आवाजात म्हणतात, "मुलांना तुमची फार ओढ आहे." माझी ओढ? माझ्या घरच्यांना नाही ती! पण घेतला वर्ग. आता दुसरा वर्ग कुणाकडे? रिटायर झालेल्या हेडबाईंकडे. त्यांची पोरं वचन म्हणतात ती नळ सोडल्यासारखी, धो धो, मध्ये श्वाससुद्धा नाही. आणि आमची? आमच्यात एक भोंगा आहे, आवाज असा की माझ्या दुकानातल्या काचा थरथरतात, तो छाती काढून उभा राहतो आणि म्हणतो, "रागवा... पण... रागवा..." आणि बसतो खाली. अरे, पुढचं काय? "पुढचं हिला येतं." हिला म्हणजे आमच्या वकिलीणबाईंना. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि प्रश्न मात्र हायकोर्टातले.

वचन तरी केवढं? मी मुद्दाम सगळ्यांत लहान निवडलं होतं. रागवा, पण पाप करू नका, आणि राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका. झालं, संपलं! तेवढ्यात पाळकसाहेबांनी जाहीर केलं की या वेळच्या परीक्षेत आचरणालाही मार्क आहेत. म्हणून मी वर्गात म्हटलं, बाळांनो, कुणावर राग धरला असेल तर दिवस मावळायच्या आत मिटवून टाका. वकिलीणबाईंचा हात वर.

"काका, तुमचा कुणावर राग आहे?"

"माझा? छे, छे."

"मग दुकानात मधोमध प्लायवूड का ठोकलंय?"

आता हिला काय सांगू? दुकान वडिलांचं. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघं एकाच टेबलावर वाढलो, म्हणजे धंद्यात म्हणतोय मी. काय टेबल होतं ते! अख्ख्या दाराएवढी काच आडवी टाका, हूं की चूं नाही. आणि एक दिवस हा धाकटा, ज्याच्या हातात काच कापायचा हिरा मी दिला, तो कसा धरायचा हे मी शिकवलं, तो भर गिऱ्हाइकासमोर म्हणतो, "दादा, दे इकडे, तुझा हात थरथरतो." गिऱ्हाइकासमोर! माझा हात थरथरतो? हा बघा. बघा ना, मागच्यांनाही दिसू द्या... हो, आत्ता थरथरतोय, पण तो रागानं!

त्याच दिवशी मी सुतार बोलावला. मधे प्लायवूड ठोकलं आणि ते टेबल, वडिलांचं टेबल, करवतीनं मधोमध कापलं. अर्धं त्याला, अर्धं मला. न्याय म्हणजे न्याय. आता मोठी काच त्यालाही कापता येत नाही आणि मलाही नाही, मोठं काम आलं की दोघं मिळून तिसऱ्याकडे पाठवतो, तेवढी आमची एकी शिल्लक आहे. आणि प्लायवूडला आडपडदा म्हणतात का हो? तो खोकला की मला ऐकू येतं. मला ठसका लागला की पलीकडून पाण्याचा तांब्या आपटल्याचा आवाज येतो. म्हणजे पाणी पी. पण बोलायचं नाही.

तर पोरांनी ठरवलं की काकांनाच आचरणात आणायचं. पहिल्या संध्याकाळी आली, "काका, सूर्य चालला!" मी म्हटलं, आज ढग आहेत, सूर्य दिसतच नाही, तर तो मावळला याला पुरावा काय? वकिलीणबाई म्हणाल्या, "रस्त्यावरचे दिवे लागले." दुसऱ्या दिवशी मी दुपारीच शटर ओढलं आणि घरी जाऊन पडलो. तर ही टोळी घरी! आणि आमची ही, माझी लग्नाची बायको, तिनं काय करावं? सगळ्यांना सरबत दिलं आणि पश्चिमेच्या खिडकीत बसवलं! "इथून चांगला दिसतो रे," म्हणाली. घर का भेदी म्हणतात ते हेच ना? पुढच्या दिवशी मी समजावून सांगितलं, हा राग नाही, हे मतभेद आहेत. "मग जाऊन मत सांगा," वकिलीणबाई. मी म्हटलं, तो लहान आहे, आधी त्यानं यावं. तशी ती गेली शेजारच्या दारात आणि म्हणाली, "धाकटे काका, तुमचा पण सूर्य तोच आहे." पलीकडून उत्तर आलं, "दादा मोठा आहे, आधी त्यानं बोलावं." बघा! लहानपणापासून हट्टी. कुणावर गेलाय कोण जाणे.

आणि मग परीक्षेच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब आले. चर्चच्या दाराची काच वाऱ्यानं फुटली होती, उद्याच्या उपासनेआधी बसवून हवी. पूर्ण दाराएवढी. मी म्हणावं ना, की साहेब, माझं टेबल अर्धं आहे? पण तसं म्हणालो नाही. कारण मी नाही म्हटलं असतं तर ते शेजारी गेले असते, आणि शेजाऱ्यानं सांगितलं असतं की दादाचा हात आता... जाऊ दे. अर्धी काच टेबलावर टेकवली, अर्धी स्टुलावर. हिरा हातात घेतला. काचेवर रेघ एकदाच ओढायची असते, तुम्हाला सांगतो, तिथं खोडरबर चालत नाही. तेवढ्यात पोरं आली. भोंग्यानं तोंड उघडलं, "काका, सू..." आणि गप्प झाला.

कारण हात थरथरत होता. आणि रागानं नव्हे. राग मी शोधत होतो हो, मनात सगळीकडे शोधला, नेमका तेव्हाच कुठे सापडेना. पोरं बघत होती. फार वाईट वाटलं मला. आपला हात आपलंच ऐकत नाही, हे पोरांसमोर बघायचं.

आणि भोंगा ओरडला, "धाकटे काकाऽऽ!"

तो आला. धावत आला, चप्पलसुद्धा न घालता, त्याला वाटलं मला काच लागली. दारात उभा राहून त्यानं सगळं बघितलं, काच, स्टूल, हात. आता म्हणणार, मी मनात म्हटलं, आता पोरांसमोर म्हणणार. तर म्हणाला काय, "दादा, माप तू घे. तुझ्या मापावर माझा भरवसा आहे. रेघ मी ओढतो." आणि हात पुढे केला. मी हिरा त्याच्या हातात ठेवला. मग आधी प्लायवूड उखडावं लागलं, टेबलाचे दोन तुकडे जोडावे लागले, पोरांनी खिळे गोळा केले. त्यानं रेघ ओढली, दोघांनी मिळून दाबलं, आणि काच टक् करून सरळ तुटली. वकिलीणबाई बाहेर पश्चिमेकडे डोकावून आल्या. "अजून थोडा शिल्लक आहे," म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, झालं की गोड! कसलं गोड? दुसऱ्या दिवशी परीक्षा. हेडबाईंची पोरं धो धो. आमचा भोंगा उभा, "रागवा... पण... रागवा..." वकिलीणबाई उभ्या, त्याही गप्प! पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "बरं, काका तरी सांगतील." मी उभा राहिलो, सगळी मंडळी बघतेय, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "काका, सूर्य चालला!" आचरणात पहिले आणि पाठांतरात नापास, गुरूसकट!

नापास म्हणजे तेच वचन पुन्हा. म्हणजे पोरं रोज दारात आहेतच. आणि भावाभावांचं एक टेबल झालं की भांडणं थांबतात असं तुम्हाला वाटतं? रोज होतात! माझी मोजपट्टी कुठे ठेवतो, विचारा त्याला. पण राग धरावा कसा? संध्याकाळ झाली की पोरं हजर, आणि आता तर त्यांच्यात मिसळून तो धाकटाही ओरडतो, "दादा, सूर्य चालला!" शेवटी आम्ही दोघांनी बसून तोडगा काढलाय. भांडण काय ते सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. म्हणजे रागवायला निदान अख्खा दिवस तरी मिळतो.