रविवारचा सूर

लोसालिने : ते ऑर्डरचं यंत्र फ्रीझरमध्ये ठेवलं होतंस ना?

केफू : ठेवलं होतं गं. मटणाच्या पिशव्यांखाली. वर चटई कोंबली.

लोसालिने : तरी ओरडलंच! चर्चमध्ये मी स्तोत्राचा सूर द्यायला तोंड उघडलं, आणि भिंतीपलीकडून, आपल्याच दुकानातून, 'टिंगटाँग! अभिनंदन, नवी ऑर्डर!' सगळ्या मंडळीनं सूर उचलला, केफू. माझा नाही. त्या डबड्याचा.

केफू : ऑर्डर मोठी होती पण. आपल्या मानासेची.

लोसालिने : तुझा भाऊ तिकडे अमेरिकेत शनिवारी सोफ्यावर बसून बोट दाबतो, आणि इकडे टोंगात तोवर उजाडलेला आपला रविवार नासतो.

केफू : आईसाठीच मागवतो ना बिचारा.

लोसालिने : तिसऱ्या कडव्याला बायकांचे गळे फाटले. म्हातारा फोतू वरच्या पट्टीत चढला तो उतरेचना.

केफू : शेवटी पाळकांनी मध्येच 'आमेन' म्हणून उतरवला त्याला.

लोसालिने : हस, हस. पाळकीणबाईंचा निरोप आलाय. पुढच्या रविवारी ते यंत्र गप्प नसलं, तर सूर द्यायला लेसिएली उभी राहणार. माझ्या आईनंतर तो सूर माझ्याकडे आलाय. आणि लेसिएली? शिंक अडकल्यासारखी गाते!

केफू : मी बंद करून पाहिलं नाही का? बंद केलं की कंपनी आपल्या दुकानाच्या रेटिंगचे तारे कापते. 'बेभरवशाचं दुकान' म्हणून लिहिते.

लोसालिने : चर्चला गेलो म्हणून बेभरवशाचे! लाव त्यांना फोन. आणि मोठ्यानं वाजू दे, मलाही ऐकायचंय.

फोनवरची मुलगी : नमस्कार! आपल्या प्रगतीत आम्ही आपल्यासोबत. बोला सर.

केफू : बाई, रविवारी आमचं यंत्र गप्प ठेवायचंय.

मुलगी : अहो सर, आपल्याला सगळ्यात जास्त ऑर्डरी रविवारीच येतात!

केफू : टोंगात रविवारी धंदा करणं गुन्हा आहे हो.

मुलगी : समजलं सर. मग आपण 'निवांत दिवस' ही सोय घ्या. दर महिन्याला थोडा जादा आकार पडेल.

लोसालिने : म्हणजे रविवार विकत घ्यायचा? अगं पोरी, तो आमच्याकडे आधीपासून आहे.

मुलगी : आपल्याकडे आहे मॅडम. यंत्राकडे नाही.

केफू : घेतलं तेव्हा फुकट म्हणाला होतात. मग कळलं, पावतीचा कागदही तुमच्याकडूनच विकत घ्यायचा. दुरुस्तीचा माणूस ऑकलंडहून येणार, त्याचं विमान आमच्या माथी. वर त्याला जेवायला डुक्करच लागतं.

लोसालिने : आणि मानासेचं बोलणं? ते कोणाच्या माथी? आधी तो सामान सांगायला फोन करायचा. सामान राहायचं बाजूला, आईशीच गप्पा. आता सासूबाईंना डबे पोचतात. पोराचा आवाज पोचत नाही.

मुलगी : त्यासाठी आमची 'आपुलकी संदेश' ही सोय आहे मॅडम. तयार मजकूर असतो—

लोसालिने : केफू, काढ ते फ्रीझरमधून. परत पाठवायचं.

केफू : अगं, अनामत बुडेल.

लोसालिने : बुडू दे. मानासेला मी सांगते, फोन कर म्हणून.

केफू : ...बरं. बाई, लिहा. यंत्र परत.

मुलगी : अरेरे. कारण काय टाकू? बिघाड, महाग, की इतर?

लोसालिने : इतर.

मुलगी : थोडक्यात सांगाल मॅडम? आपलं बोलणं नोंदवलं जातंय.

लोसालिने : नोंदव मग.

(ती स्तोत्राचा पहिला सूर देते आणि पहिली ओळ संथ गाते.)

केफू : बाई? आहात ना फोनवर?

मुलगी : आहे, सर... माझं लिहायचं राहिलं. त्यांना परत एकदा म्हणायला सांगता?