मामलेदाराची पाहणी

च्या निवू दे, आधी ह्ये ऐका. महाराज गादीवर हुते तवाची गोष्ट. नदीपल्याडचं अमीनाबीचं रान मामलेदारानं शेजाऱ्याच्या नावावर केलं. कागदात लिवलं, "श्रावणातल्या सोमवारी जाऊन पाहिलं, शेजारीच कसतो." बाईनं कोल्हापूरला अपील केलं आणि साक्षीला मला, नावाड्याला, बोलावलं. नावेचा ठेका मामलेदाराच्याच हातात. तरी गेलो.

न्यायाधीशांनी मामलेदाराकडं बोट करून विचारलं, "त्या दिवशी यांना पार नेलंस?"

"न्हाई जी. पूर हुता. आठ दिस नाव झाडाला बांधलेली, आन् दुसरी नाव न्हाई."

"मग हे पोहून गेले?"

मामलेदाराचा निकाल रद्द झाला, नव्यानं पाहणी करायचा हुकूम सुटला.

पाहणीला निघालेलं मामलेदार सायब माझ्याच नावेत बसलं. मधल्या धारंत आल्यावर हळूच म्हणालं, "बाबा, मला पोहता येत नाही."