दिवा लावायला माणूस

चाकणला मिळालेली नोकरी का सोडली विचारता? कोपरगावात आमचं स्वतःचं घर आहे ना, म्हणून! पगार इथल्याच्या दुप्पट होता. बॅग भरली, तर बाप दारात आडवा.

"घराला कुलूप लावायचं न्हाई. सांजच्याला दिवा लागलाच पायजे."

"अण्णा, भाड्यानं द्या की."

"परक्यानं भिंतीला खिळे ठोकायचे व्हय?"

"मग तुमी लावा दिवा."

"आमी चाललो पुण्याला, थोरल्याचं पोरगं सांभाळायला."

थोरला तिथं भाड्यानं राहतो आणि झकास कमावतो. म्हातारा-म्हातारी पुण्याला गेली, मी दिव्यापाशी अडकलो. काल अण्णांचा फोन आला.

"दिवा लावला का रं?"

"लावला. तेल संपलंय, पैसे पाठवा."

"कशाला? घरभाडं वाचतंय की तुझं!"