पोटाखालची पिवळी पिशवी

हॅलो?... हो, मीच. बोल धाकटे... किती? शंभरातली ऐंशी जगली? वा गं वा!... नाही, आनंदच झालाय. आवाज असाच आहे माझा, सर्दी झालीय.

माझी? आहेत की... मोजली नाहीत अजून. अगं, मागूर माशाची पिल्लं ती, पापणीच्या केसाएवढी! मोजायची कशी?... हो बाई, तू मोजलीस. बाबांना सांगून झालं असेलच... काय म्हणाले? नवी शेड धाकटीला?... अजून नाही म्हणाले? जिची जास्त जगतील तिला, एवढंच? मग आधीच मिरवू नकोस.

ऐक ना... अगं, माझं ऐक! तुला जाळी धरायला कुणी शिकवलं? मीच ना? जुनी सायकल मी दामटली, नवी तुला आली. आता टाक्याही सावलीतल्या तुलाच... मी मागितल्या नाहीत? मागायला कशाला हवं?

ते राहू दे. तू घातलंस काय त्यांना?... तीन दिवस काहीच नाही? उपाशी?... पोटाखालची पिवळी पिशवी, हो... तीच त्यांची शिदोरी... माहीत आहे मला! ती संपली की मग बारीक जिवंत किडे... आणि त्याआधी काही घातलं तर?... तळाशी सडतं... पाणी नासतं... अच्छा.

छे, मी कशाला घालू?... पहिल्या टाकीतली? ती अशक्तच होती, गेली. दुसरीही... हो, तुझीही त्याच मादीची, टोमणे नकोत. तिसरी बरी आहे. कालच फुटली अंडी.

...एक विचारू? समज, एखाद्या बाईनं, मी नव्हे, तुझ्या पिल्लांआधी मोठी व्हावीत म्हणून सकाळी उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून घातला... तर अजून वाचतील?... हसू नकोस!... हसत नाहीस? मग रडतेस कशाला, वेडे?

वाटीभर... बरं, दोन वाट्या.

हो, हवेची नळी चालू आहे. तळातला गाळ दुसऱ्या नळीनं ओढतेय, एका हातानं... पिल्लंही येतायत गं त्याबरोबर!... नळीच्या तोंडाला कापड? थांब, ओढणी बांधते...

ये. तूच ये. तुझ्याकडचं साठवून मुरलेलं पाणी आण, दोन बादल्या... पण मागच्या दारानं ये हं. पुढे बाबा बसलेत.

आणि ऐक... ऐंशी, मोजून?... नक्की?... हं. ठेव फोन. धाव.