बिवळ्याच्या ओढ्यावरची बाळंतीण

ऐका. तो ओंडका जरा आत सरकवा आणि जवळ या. ज्यांची पोरं तान्ही आहेत त्यांनी ती पदराखाली घ्या गं. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नसते.

आंबेदऱ्यात हौसा म्हणून एक पोर होती. पहिलटकरीण. मुलगा झाला. सव्वा महिना झाला आणि पोराच्या पोटाचं सुरू झालं. दिवसभर बरं असायचं हो! चुटूचुटू प्यायचं, हसायचं, निजायचं. दिवस कलला की सुरू. गुडघे पोटाशी घ्यायचं, मुठी आवळायचं, तोंड लालबुंद. पोट कसं, तर ढोलकीसारखं. हौसा घाईनं पाजायची. तेवढ्यापुरतं गप्प. की परत सुरू. नवरा ट्रकवर, लांबच्या मुलखात. घरात ती आणि सासू.

सासू वाईट नव्हती, बरं का. म्हातारीलाही ते रडणं सोसवत नव्हतं. एका रात्री म्हणाली, "हौसे, वरच्या वाडीला जा. तिथं धोंडीभगत पोटावर डाग देतो. तापलेली सळई नुसती टेकवायची. कोंबडं आरवायच्या आत दिला तरच लागू पडतो. माझे गुडघे चालत न्हाईत, न्हाईतर मीच गेले असते."

डाग! एवढ्याशा पोटावर! हौसाच्या अंगावर काटा आला. पण पोराचा आवाज बसला होता रडून रडून. ती तरी काय करणार? पोर छातीशी बांधलं, कंदील घेतला आणि निघाली.

वाट बिवळ्याच्या ओढ्यातून जाते. तुम्हाला ठाऊक आहे ती. तेव्हा झाडी आणखी दाट होती. हौसा ओढ्यात उतरली. पोर रडतंय. पाणी वाजतंय. आणि पुढून, अगदी पुढून, दुसरं पोर रडायला लागलं.

हौसा थांबली. पुढचंही थांबलं. चालायला लागली, की परत! हिचं जसं हुंदके देत, तस्संच ते. ती म्हणाली, दरीत आवाज घुमतो. बरोबर आहे. असं म्हणावंच लागतं.

ओढा ओलांडला. चढ चढली. चढली, चढली, आणि समोर काय? परत ओढा! परत तेच पाणी, तेच काठावरचं वाकडं बिवळ्याचं झाड. मागं वळली तरी ओढाच. चकवा, गं! हौसानं कंदील वर धरला.

बिवळ्याखाली एक बाई बसली होती.

तरुण पोर. कानाला फडकं बांधलेलं, बाळंतिणीसारखं. मांडीवर गाठोडं, त्याला थोपटत होती. चोळी दुधानं भिजलेली. दूध ठिबकत होतं, टप, टप. आणि खाली, नीट ऐका, खाली माती कोरडी होती. ठणठणीत कोरडी.

"का रडवतीस गं त्याला?" बाई म्हणाली.

हौसानं पोर घट्ट धरलं. "पोट... पोट फुगलंय त्याचं."

"आण इकडं."

हौसा जागची हलली नाही. देवाशपथ हलली नाही. पण छातीशी बांधलेलं फडकं एकदम हलकं झालं. बघते तर रिकामं! पोर त्या बाईच्या हातात!

हौसा ओरडली. पण आवाजच नाही. बाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिनं पोराला उभं धरलं, खांद्यावर घेतलं, मानेखाली हात दिला आणि पाठीवरून हळूहळू हात फिरवला. खालून वर, खालून वर. "घाईनं पितो ना? दुधाबरोबर वारा गिळतो. पाजून झालं की असं धरायचं. लगेच निजवायचं न्हाई, बाई." पोरानं मोठा ढेकर दिला. मग तिनं त्याला आपल्या हातावर पालथं घेतलं, पोट तिच्या हातावर, डोकं कोपराच्या बेचक्यात, आणि झुलवलं. मग उताणं घेऊन त्याचे पाय धरले. एक पाय पोटाकडं, मग दुसरा, सायकल चालवल्यासारखे. अगदी मायेनं! पोरानं वारा सोडला. मुठी उघडल्या. आणि पोर गप्प झालं, गं. इतक्या रात्रींनी पहिल्यांदा गप्प.

हौसाला रडू फुटलं. भीती विसरून ती म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?"

"धोंडीभगताची सून मी. सरू. माझंही असंच रडायचं. मामंजींनी डाग दिला. माझ्या मांडीवर धरून दिला. पाय मीच धरले होते." ती खाली बघत होती. "डाग चिघळला. ताप भरला. मग रडलाच न्हाई तो. मी त्याच्यामागं या डोहात उतरले. पण तो मला तिथंही गावला न्हाई."

मांडीवरचं गाठोडं सुटलं. आत काही नव्हतं. नुसतं फडकं.

"याला ठिवून घेते मी," सरू म्हणाली. आणि उठली. डोहाकडं चालायला लागली!

हौसा धावली. धावते, धावते, पण अंतर तुटेना! ती चालतेय, ही पळतेय, तरी मागंच. सरू घोट्याएवढ्या पाण्यात गेली. गुडघ्याएवढ्या गेली. हौसा काठावर कोसळली. हात जोडले. "सरूबाई, त्याला भूक लागंल. मग काय करशील?"

सरू थांबली. "दूध हाय की मला," म्हणाली. चोळी वर सारली, पोराला लावलं. पोरानं तोंड लावलं आणि फिरवलं. परत लावलं, परत फिरवलं. मग ओठ मुडपला त्यानं. आणि रडायला लागलं.

अरेरे, त्या बाईचं तोंड कसं झालं असेल!

"रडू नको रं," ती म्हणाली. "माझ्याजवळ रडू नको. तू तरी नको." ती पाण्यातून वर आली. पोर हौसाच्या हातात दिलं. हात बर्फासारखे गार होते. "डाग देऊ नकोस. रडला तर जवळ घे. मोठा झाला की आपोआप थांबतं हे. आता पळ."

हौसा बघतच राहिली.

"पळ म्हणते ना! माझं मन फिरतंय गं, पळ!"

पळाली! कंदील फुटला, काटे घुसले, पळाली! मागून पावलं. मागून हाक. "दे गं! घटकाभर दे! नुसतं निजवते आणि देते!" पदर ओढला गेला, टरकन फाटला. हौसानं वळून पाहिलं नाही. गावकुसाची दिवाबत्ती दिसली तेव्हा मागचं सगळं थांबलं. फक्त एक बाई रडत होती, लांब, ओढ्यात.

सासूनं दार उघडलं. "दिला डाग?"

"न्हाई. आणि देणारबी न्हाई." हौसानं सगळं सांगितलं. म्हातारी खाली बसली. मग तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली, उजाडेपर्यंत. पुढं नर्सबाई आल्या. पोर तपासलं, वजन बघितलं. म्हणाल्या, बाळ चांगलं आहे, नुसतं अंगावरचं दूध द्या, डागाचं नावही काढू नका. महिना-दोन महिन्यांत रडणं गेलं. पोर धडधाकट वाढलं.

पण हौसा मात्र पोर गप्प निजलं की दाराशी जाऊन ओढ्याकडं कान द्यायची. एकदा सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझा निजला. तिचा कुठं असंल?"

म्हणून सांगते, पोरींनो. त्या वाटेनं वरच्या वाडीला जायचं नाही. दिवसाउजेडी नाही, रात्री तर नाहीच. पोर घेऊन मुळीच नाही. एकदा तिनं पोर परत दिलं. दुसऱ्यांदा द्यायचं बळ तिच्यात असेल का, कुणी सांगावं.