माल्टच्या बाटल्या

नको, आंटी अफ्रिये, ती पिशवी वॉर्डात नको — इथं बाकाखाली ठेवा. माल्टच आहे ना? ताकदीचं गोड पेय म्हणून सगळेच माल्ट आणतात. नाही, रागावू नका — आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं यायचं, मलाही कळतं. पण बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आलीय, तोंडानं काही म्हणजे काही द्यायचं नाही.

कशानं? माझ्यामुळं. आई म्हणते असं बोलू नकोस — पण तुम्हीच बघा. तीन महिन्यांपूर्वी रिपोर्ट आला, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, म्हणजे रक्तातली चरबी. घरात विज्ञान शिकते मी एकटी, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी काय सांगितलं? चरबी वाढलीय ना, मग चरबी बंद! लाल पामतेल बंद, शेंगदाण्याचं सूप बंद. बाबा म्हणाले, "अगं सेरवा, डॉक्टरीणबाई, मग पोट कशानं भरू, तुझ्या हुकमानं?" — म्हणून मी कसावाचे उकडलेले कंद जास्त कुटायला लागले, त्यांच्या फुफूचा गोळा ताटात दुप्पट केला. आणि अशक्तपणा नको म्हणून वर रोज दोन माल्ट — त्यात तेलाचा थेंब नाही, बाटलीवर वाचलं होतं मी, दोनदा वाचलं होतं. ट्रायग्लिसराइडचा आकडा चारवरून चौदावर गेला, आंटी — दोनच्या आत हवा असतो तो. काल डॉक्टर म्हणाल्या, तेल कमी केलंत ते ठीक, पण एवढं फुफू आणि एवढं गोड पोटात गेलं की यकृत त्याचीच चरबी करतं आणि रक्तात सोडतं. साखरेची चरबी! मला कुठं ठाऊक — पुस्तकात दोन्हींचे धडे वेगळे आहेत.

रडत नाहीये मी. हळू बोला, दार उघडं आहे — आज सकाळी आई तोंड धुवायला गेली, तेव्हा बाबा म्हणाले, "घसा जळतोय गं, एकच घोट." उशाशी कुणीतरी आणलेली बाटली होती, आणि त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं... एक घोट नाही. अर्धी बाटली पाजली मी. नंतर हसले माझ्याकडे बघून. आणि मग उलटी, आणि पोट धरून ते ओरडणं — सिस्टरनी विचारलं, काही दिलंत का? आई म्हणाली, "आम्ही काय वेड्या आहोत?" मी शेजारीच उभी होते. बाटली दप्तरात घातली.

नाही, तुम्ही नका सांगू! आईला तर मुळीच नको — थांबा, त्या बघा डॉक्टर आल्या. कुठलंसं इंजेक्शन सांगतायत, त्यांना वाटतंय आजारच वाढलाय... हात सोडा माझा, आंटी. सोडा ना. तुम्ही घरी जा.

डॉक्टर — डॉक्टर, थांबा, बाबांना मी —